पासो युकेरीची राखाडी पट्टी

सोमवार, ५ जानेवारी

पासो युकेरीला पोहोचले एकदाची! राजधानी असुन्सिओनहून सहा तासांची बस. माझ्याजवळची खिडकी निम्मा प्रवास उघडत नव्हती आणि उरलेला निम्मा बंद होत नव्हती. तरी उतरताना इतकं बरं वाटत होतं की बॅगेचं चाक तुटलंय हे घराच्या दारात आल्यावर कळलं.

घर म्हणजे घरमालकीण न्या एदुविहिस यांच्या भट्टीमागची खोली. एक पलंग, एक पंखा, अंगणात आंबा, आणि भिंतीपलीकडून सकाळपासून भाजलेल्या चिपाचा, म्हणजे चीजच्या कडक पावाचा, वास. वाटेत बसमध्ये चढलेल्या बाईकडून मी दोन चिपा घेतल्या होत्या. न्यांनी त्या माझ्या पिशवीतून काढल्या, वास घेतला, कोंबड्यांपुढे टाकल्या आणि स्वतःच्या भट्टीतल्या चार गरमागरम माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाल्या, या घरात राहायचं तर या घरचं खायचं, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर नाव माझं जाईल.

शहरात मी वडीलधाऱ्या बायकांना न्या आणि पुरुषांना काराई म्हणणं सोडूनच दिलं होतं. इथे पहिल्या पाच मिनिटांत जीभ ताळ्यावर आली. शेजारच्या म्हातारीला नुसतं नावाने हाक मारली, तर ती अशी बघायला लागली की मी तिची कोंबडी चोरलीय.

कंपनी बंद पडल्यापासून चार महिने आईच्या सोफ्यावर झोपून मी स्वतःलाच कंटाळले होते. चौतीस वर्षांची बाई, दिवसभर पंख्याची पाती मोजणारी. आता निदान हातात एक वेबसाइट आहे. गावच्या व्यापारी संघाला महिनाअखेरच्या जत्रेसाठी ती हवी आहे. रोजनिशी आजपासून रोज लिहायची. बघू किती दिवस टिकतंय.

बुधवार, ७ जानेवारी

संघाचे चिटणीस काराई विल्फ्रिदो ओतासू. वय शहात्तर, लोखंडी सामानाचं दुकान, बायको जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुकानात खिळ्यांपेक्षा गप्पा जास्त मिळतात. तेरेरेचं, म्हणजे थंड पाण्यातल्या पाल्याच्या चहाचं, भांडं माझ्यापुढे करून म्हणाले, शहरवाल्या बाईंना आमचं पाणी गोड लागतंय ना, की बाटलीतलं आणू? मी एका दमात नळीने सगळं ओढून भांडं परत दिलं, तेव्हा खूश झाले.

त्यांना वेबसाइटवर बाकी काय असावं याची फारशी फिकीर नाही. त्यांना हवी आहे फिरती पट्टी. राजधानीतल्या कुठल्या तरी बँकेच्या वेबसाइटवर त्यांनी पाहिली आहे. खाली एका रांगेत कंपन्यांचे लोगो आपोआप सरकत राहतात आणि रांग कधी संपतच नाही. ती दिसली की माणसाला वाटतं, या लोकांच्या पाठीशी जग उभं आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, लोगो किती? तर चार. गावातल्या चार सर्वांत जुन्या पाट्या, बस. त्या क्रमाने काराई बोनिफासियोंचं औषधांचं दुकान, न्या ओब्दुलियांचं शिवणकाम, आमच्या न्या एदुविहिसांची चिपा, आणि चौथे ते स्वतः. चार लोगोंना कसली फिरती पट्टी! मी हसले. त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं, पाचवा तुझा लाव. तूही आता इथली दुकानदार आहेस, सर्वांत नवी म्हणून सर्वांत शेवटी.

मला हे फार आवडलं. इतकं की परत येताना मी गल्ली चुकले.

रविवार, ११ जानेवारी

लोगो मिळवणं हेच निम्मं काम ठरलं. औषधवाल्यांनी पाटीचा फोटो दिला, त्यात त्यांचा अंगठाही आलाय. पाटीवर दृष्टीच्या संतिणीचं चिन्ह, तबकात ठेवलेले दोन डोळे, भडक हिरव्यात. ओब्दुलियांचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान गुलाबी, न्यांची टोपली पिवळीधमक, विल्फ्रिदोंचा हातोडा लाल. माझा निळा पक्षी. पाचही शेजारी ठेवले की लहान मुलांच्या वाढदिवसाचं तोरण दिसतं.

पट्टी मात्र झकास जमली आहे. पाचच चिन्हं, म्हणून ती लगेच संपते. तेव्हा अख्खी रांग दोनदा मांडली. पहिली संपते तिथे दुसरी सुरू होते आणि बघणाऱ्याला सांधा दिसत नाही. पडदा मोठा असेल तर एका वेळी चार चिन्हं दिसतात, टॅबलेटवर तीन, फोनवर दोन. खिडकी लहानमोठी करून मी दहा वेळा पाहिलं. एकही चिन्ह कापलं जात नाही, चेपत नाही. हे ज्याने कधी केलंय त्यालाच त्यातलं सुख कळेल.

आज फिरताना चांभाराच्या बंद दुकानाची पाटी पाहिली. सगळी एका राखाडी रंगात. अक्षरं राखाडी, बूट राखाडी, चौकटही. या भडक गावात इतकी शालीन पाटी कुणी रंगवली असेल? बराच वेळ बघत उभी राहिले.

शुक्रवार, १६ जानेवारी

काल विल्फ्रिदोंना सगळं दाखवलं, त्यांनी मान डोलावली, काम संपलं. पण मला राहवलं नाही. आज सकाळी एक ओळ वाढवली आणि पाचही लोगो राखाडी केले. वर माउसचा बाण नेला की त्या चिन्हाचा खरा रंग उमलतो, बाण काढला की परत राखाडी. राजधानीत चांगल्या वेबसाइटवर असंच करतात, पण डोक्यात होती ती चांभाराची पाटी. तोरणाचं एकदम खानदानी घराणं झालं. फोनवर बाण नसतो, तिथे राखाडीच राहील, ठीक आहे.

विल्फ्रिदोंना परत दाखवलं नाही. उद्या गावासमोर सुरू होईल तेव्हा बघतीलच.

शनिवार, १७ जानेवारी

सुरू झाली. संध्याकाळी संघाच्या अंगणात वीसपंचवीस माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या फोनवर पाहिलं. मी टाळ्यांची वाट पाहत होते. न्या ओब्दुलिया उठून घरी गेल्या. विल्फ्रिदोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाले, हे काय केलंस पोरी?

सांगितलं ते न्या एदुविहिसांनी, घरी आल्यावर. इथे दुकानाचा धनी गेला की घरची माणसं चुलीतली राख पाण्यात कालवून पाटीला फासतात. नऊ दिवस पाटी तशी राहते. नवव्या दिवशी, शेवटची प्रार्थना झाली की घरच्याच माणसाने ओल्या फडक्याने ती पुसायची. शेजाऱ्याने नाही, चाकराने नाही, घरच्याने. चांभार मी यायच्या आदल्याच दिवशी गेला होता. आणि जिवंत माणसाच्या पाटीला राख? न्यांनी छातीवर क्रूस काढला. मग म्हणाल्या, माझ्या आईच्या लहानपणी भांडणात एकाने लावली होती. पुढचं विचारू नकोस. तू ते काढ.

मला राग आला, खोटं कशाला लिहू. दहा-बारा दिवस घासले आणि वर हे. मी म्हटलं, राख नाही ती, रंग आहे. सोमवारी काढीन, उद्या रविवार आहे. न्यांनी भांडी आवरली.

रविवार, १८ जानेवारी

काराई बोनिफासियो दुपारच्या झोपेत गेले. औषधवाले. जेवून पडले ते उठलेच नाहीत.

वय एकाहत्तर, इथला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, बाहेर बेचाळीस डिग्री. कुणाचंही हृदय थांबेल. संध्याकाळी त्यांच्या मुलाने शिडी लावून पाटीला राख फासली. खाली गाव उभं होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि तेच जास्त बोचत होतं.

काल रात्रीच काढायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

सोमवार, १९ जानेवारी

उजाडताच ती ओळ काढून टाकली. माझ्या लॅपटॉपवर रंग आले, फोनवर नाही.

सुरुवातीला वाटलं, फोन जुनं पान साठवून ठेवतो, नेहमीचंच आहे. साठवण पुसली. राखाडी. न्यांचा फोन, तोही राखाडी. बस थांब्यावर उतरलेल्या एका अनोळखी बाईच्या फोनवर पाहिलं. या बाईने जन्मात ही वेबसाइट उघडलेली नव्हती. राखाडी. शेवटी पट्टीच काढून टाकली. तरी पट्टी आहे. जिथे वेबसाइट ठेवली आहे तिथल्या माणसाला फोन केला. तो वैतागला. म्हणाला, ताई, त्या पानावर तळाशी काहीच नाही, तुम्ही काय बघताय ते तुम्हालाच माहीत.

आणखी एक गोष्ट. पट्टी फिरत नाही. सगळ्यांच्या फोनवर ती एकाच जागी उभी आहे, पुढे तबकातले डोळे आणि मागे अंगुस्तान.

बुधवार, २१ जानेवारी

सकाळी पट्टी एक घर सरकली. अंगुस्तान पुढे आलं.

मी पळत ओब्दुलियांकडे गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नाचा झगा होता. मी काय सांगणार होते? म्हटलं, दुपारी झोपू नका. त्या म्हणाल्या, माझ्या घरी पाटी पुसायला कुणी नाही म्हणून भीती वाटते, बाकी कशाची नाही. मला बाहेर काढलं नाही. तेरेरे दिलं. त्यांच्या चिन्हावर मी फोनवर बोट दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा. रंग येत नव्हता.

दुपारी दोनला मशीन थांबलं. मी समोर बसले होते.

गुरुवार, २२ जानेवारी

आता न्या एदुविहिस.

एदुविहिस. जी माझ्या बशीत रोज न विचारता दुसरी चिपा ठेवते. जिने बॅगेचं चाक स्वतः तारेने बांधून दिलं. माझा ताप बघायला हाताची पालथी बाजू कपाळाला लावते, आईसारखी.

तीन दिवसांनी एक घर, म्हणजे शनिवारी तिची टोपली पुढे येईल.

दिवसभर लॅपटॉपपुढे बसले. रंगाचं पट्टी ऐकत नाही, काढून टाकलं तरी ऐकत नाही. पण दुपारी एक गोष्ट लक्षात आली. क्रमाचं ती ऐकते. पट्टी परत पानात घालून मी टोपली आणि हातोडा यांची अदलाबदल केली, आणि फोनवर लगेच अंगुस्तानामागे टोपलीऐवजी हातोडा आला.

हातोडा म्हणजे विल्फ्रिदो.

स्वतःचा पक्षी पुढे घ्यायचं मनात आलं नाही असं नाही. आलं. हात पुढे झाला नाही. मनाशी म्हटलं, ते शहात्तरचे आहेत, एकटे आहेत, मागे कुणी नाही. इथे तरी खरं तेच लिहिते. मी हे केलं. मी परत बदललं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळी हातोडा पुढे आला.

मी दुकानात गेले. सांगावं म्हणून गेले, देवाशप्पथ. ते म्हणाले, आलीस? बस, बर्फ आणलाय आज. जत्रा रद्द केली संघाने, पण वेबसाइट छान केली होतीस हो, तुझं वाईट वाटून घेऊ नकोस. मी बर्फ खाल्ला. सांगितलं नाही.

दुपारी कुलूप आतून. झोपलेले.

पाटीला राख लावायला घरचं कुणी नव्हतं. लाल हातोडा तसाच आहे वर, लालभडक.

रविवार, २५ जानेवारी

न्यांना सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवता येईना.

त्या उठल्या. भट्टी लावली नाही. चाळीस वर्षांत रविवारी भट्टी लावली नाही असं झालं नसेल. संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. मग आंब्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझी पाळी तू त्याला दिलीस. मला विचारलंस? एका गल्लीत वाढलो आम्ही. आता त्या गल्लीत मी तोंड कसं दाखवू?

मी रडले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला नाही.

रात्री पुन्हा क्रम बदलून पाहिला. या वेळी माझा पक्षी पुढे घेतला. घेतलाच, थांबले नाही. फोनवर काही बदललं नाही. हातोड्याच्या मागे अजून टोपलीच. ऐकायचं तेवढं तिने एकदाच ऐकलं.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळी टोपली पुढे आली. राखाडी.

मी वेड्यासारखं बोट दाबलं. ओब्दुलियांच्या वेळी दाबलं होतं तसंच. आणि पिवळा आला! पिवळाधमक! बोट ठेवलं तोवर पिवळा. उचलणार तोच कडेने राखाडी चढायला लागला. परत दाबलं.

न्या म्हणाल्या, मग? घरच्याने पुसलं तर राख निघते, तुला सांगितलं होतं. इतके दिवस कुणाच्या घरचं खातेयस तू?

त्या हसल्या, रविवारनंतर पहिल्यांदा. मी परत रडले.

नऊ दिवस. नऊ दिवस बोट ठेवायचं, मग राख कायमची जाईल. बुधवारी, चार तारखेला सकाळी. जमेल. फोन तारेला लावून ठेवलाय. उजवं बोट टोपलीवर, डाव्या हाताने लिहितेय, म्हणून हे असलं अक्षर.

दुपार झाली. दोन वाजले. तीन. न्या भट्टीपाशी गात होत्या.

बुधवार, २८ जानेवारी

झोप येते तेव्हा न्या माझा हात धरतात. स्वतःचं बोट ठेवून पाहिलं त्यांनी, पण टोपली राखाडीच राहते. स्वतःची राख स्वतः पुसता येत नाही. म्हणून माझंच बोट वरून दाबून बसतात, दोन तास, तीन तास. मी झोपते.

भरवतात. पाणी पाजतात. लघवीला जायचं तरी दोघी फोन धरून. हसतो आम्ही.

सात दिवस राहिलेत.

गुरुवार, २९ जानेवारी

खांद्यापासून हात माझा नाही. सकाळी घाम आला, बोट सरकलं, एका क्षणासाठी. न्यांच्या हातातली परात पडली. मी परत दाबलं तेव्हा त्या भिंतीला टेकून होत्या, ओठ पांढरे.

ताप आलाय मला. कपाळाला हाताची पालथी बाजू लावली त्यांनी. म्हणाल्या, हे कुठवर? मी म्हटलं, बुधवारपर्यंत. म्हणाल्या, आणि मग पुढे कोण आहे? फोनकडे बोट केलं. टोपलीच्या शेजारी माझा पक्षी, राखाडी. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा.

त्या बराच वेळ पक्ष्याकडे बघत होत्या.

शुक्रवार, ३० जानेवारी

दुपार. झोप लागली मला — न्या हात धरून होत्या — म्हणून झोपले, नाहीतर —

जागी झाले. हात मोकळा. माझं बोट फोनवर नाही.

फोन त्यांच्या मांडीवर. त्यांनी पट्टी पुढे सरकवलीय. पुढे माझा पक्षी आहे. निळा. पूर्ण निळा. न्यांचं बोट त्याच्यावर आहे.

पुसलं तिने. घरच्याने पुसायचं. घरचीच ती माझी —

न्या खुर्चीत आहेत. डोकं बाजूला. मी हाक मारली. न्या. न्या एदुविहिस. गार आहेत. बोट तसंच दाबलेलं, वाकलेलं, वजन देऊन. बसण्याआधी खुर्ची भिंतीला लावलीय, कोपर उशीवर टेकवलंय, हात घसरू नये म्हणून. सगळं नीट विचार करून —

मला का उठवलं नाही. मला का नाही —

मी ओरडले म्हणून लोक आले. दारात आहेत. ओब्दुलियांची शेजारीण, औषधवाल्यांचा मुलगा. आत येतायत. रडतायत. म्हणतायत, डोळे मिट, पाय सरळ कर, कडक व्हायच्या आत हात छातीवर जुळवून घे —

हात लावू नका म्हणतेय मी. ओरडून सांगतेय. त्यांना वाटतंय दुःखाने. मला दंडाला धरून बाजूला केलंय. वही हातात राहिलीय, नुसती —

बोट आहे तोवर निळा आहे. तोवर मी आहे. त्यांना सांगतेय, नऊ दिवस, फक्त नऊ दिवस तसंच राहू द्या तिला —

ओब्दुलियांची शेजारीण वाकलीय. किती हळुवार. न्यांचं मनगट हातात घेतलंय, थोपटतेय, म्हणतेय, झालं गं बाई, आता सोड, आता उच